बाईंचा निरोप समारंभ कसा करावा? (त्या सत्कार नको म्हणतात)

निशिगंध | १२ मे, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. मी एरवी पाककृती विभागात वाचनमात्र असते. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या जागी पडला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी बालगृह आणि निरीक्षणगृह एकाच आवारात आहे. (जिल्हा विचारू नका, सांगणार नाही.) मी तिथे अकरा वर्षं समुपदेशक आहे, कंत्राटी. तिथल्या परिविक्षा अधिकारी या महिनाअखेर निवृत्त होतायत. त्यांना सगळे बाईच म्हणतात. मुलं, पोलीस, बालकल्याण समितीचे अध्यक्ष, समोरचा झेरॉक्सवाला, सगळे. १९९१ साली नोकरीला लागल्या तेव्हा १९८६ चा कायदा होता आणि मुलांना कागदावर 'उपेक्षित बालक' म्हणायचे. मग २००० चा कायदा आला, मग २०१५ चा. बाई म्हणतात, "कायदे तीन पाहिले, एसटी तीच."

तर प्रश्न असा. वर्गणी जमलीय १४,२०० रुपये. शाल, श्रीफळ, मानपत्र, चांदीचा मुलामा दिलेला गणपती, असं नेहमीचं ठरत होतं. त्यात वरिष्ठांनी एक कल्पना काढली. बाईंच्या हाताखालून गेलेली पाच-सहा मुलं, म्हणजे आता मोठी झालेली, त्यांना मंचावर आणायचं. एक मुलगी नर्स आहे, एक जण पोलीस भरतीत निघाला. त्यांनी दोन शब्द बोलायचे, पत्रकार बोलवायचे, फोटो काढायचे.

बाईंच्या कानावर गेलं तर म्हणाल्या, "माझा सत्कार केलात तर त्या दिवशी मी किरकोळ रजा टाकीन. तेवढी शिल्लक आहे."

मला ती मंचाची कल्पना पटत नाहीये, पण वरिष्ठांना पटेल असं कारणही सांगता येत नाहीये. आणि चौतीस वर्षं असलं काम करून बाईंनी कागदी डिशमधला सामोसा खाऊन घरी जावं हेही पटत नाही. तुम्ही काय केलं असतंत?

टपरीवरचा_चहा | १२ मे, रात्री ११:०२

मे महिन्यात शाल देणाऱ्यांवर आधी एखादं कलम लावा. बाकी नंतर बोलू.

माजघर | १२ मे, रात्री ११:१५

३१ मेला निवृत्त म्हणजे जन्मतारीख १ जून का हो? आमच्या घरात चौघांची १ जून आहे, गुरुजींच्या कृपेने. आजोबांनी चारही पोरं एका दिवशी नेऊन शाळेत घातली होती बहुतेक.

निशिगंध | १२ मे, रात्री ११:३१

@माजघर, अगदी बरोबर ओळखलंत, गुरुजींचीच १ जून. पहिल्या तारखेचा जन्म म्हणून आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती.

यावरून आठवलं. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलांचा जन्मदाखला नसतो. आधी शाळेचा दाखला बघतात, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा, तोही नसेल तर हाडांची तपासणी करून समिती वय ठरवते. तपासणीतून वर्षाचा अंदाज येतो, तारीख कुठून येणार? त्यामुळे जुन्या फायली उघडल्या की पानोपानी १ जून. बाईंनी ते बंद पाडलं. त्या पोराला घेऊन बसतात आणि विचारतात, तू लहान होतास तेव्हा घरी गोडधोड कधी झालं होतं? पाऊस होता का? शेतात काय होतं? एक जण बराच वेळ विचार करून म्हणाला, "बोरं होती." त्याच्यासाठी बाईंनी समितीला जानेवारीतली तारीख सुचवली. वयात काही फरक पडला नाही. पण त्या वर्षीपासून जानेवारी आला की तो सगळ्यांना आठवण करून देत हिंडतो.

कोल्हापुरी_ठसका | १३ मे, सकाळी ९:१०

परिविक्षा अधिकारी म्हणजे नक्की काय करतात? शब्द वाचला की गुन्हेगार सुटल्यावर त्याच्यावर नजर ठेवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. आमच्याकडे त्या सगळ्या जागेला सरसकट 'रिमांड होम' म्हणतात आणि मस्ती केली की तिथे टाकीन अशी धमकी देतात. मलाही दिली होती. अजून दचकतो.

निशिगंध | १३ मे, दुपारी १:४०

@कोल्हापुरी_ठसका, तीच तर पंचाईत. गुन्ह्यात सापडलेली मुलं वेगळी आणि ज्यांच्यावर गुन्हा झालाय, ज्यांना कुणी सोडून दिलंय, ती वेगळी. पहिली निरीक्षणगृहात, दुसरी बालगृहात. त्यांचे कक्ष वेगळे, त्यांचं ऐकणारेही वेगळे. पहिल्यांसाठी बाल न्याय मंडळ, दुसऱ्यांसाठी बालकल्याण समिती. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य. पोलिसांना, रेल्वेवाल्यांना, कुणालाही असं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढे आणावं लागतं. मग समिती विचारते, हे मूल कुठलं, घरी का नाही, परत पाठवावं का. त्याचं उत्तर शोधायला जो माणूस घरी जातो तो म्हणजे बाई. कायद्यात या चौकशीला पंधरा दिवस आहेत आणि अंतिम आदेशाला चार महिने.

अहवालाचा छापील नमुना असतो. उत्पन्न किती, खोल्या किती, व्यसन आहे का. बाई तो भरतातच, पण मी दोन-तीनदा त्यांच्याबरोबर गेलेय, त्या बघतात भलतंच. मुलाचे कपडे कुठे टांगलेत. ताटं किती आहेत. मूल घरी नसताना त्याचं दप्तर कुणी उचलून ठेवलंय की अंगणातच पडलंय. एकदा एका सावत्र आईबद्दल सगळी गल्ली वाईट बोलत होती. बाईंनी अहवालात लिहिलं, मुलीच्या दोन्ही फ्रॉकांची तुटलेली बटणं नव्याने लावलेली आहेत. मुलगी तिच्याकडेच परत गेली. आता बारावीला आहे.

शंकेखोर | १३ मे, दुपारी २:२२

वाईटपणा घेतो. बाईंनी चांगलं काम केलं असेल, पण त्याचा पगार घेतला, आता निवृत्तिवेतन घेतील. एसटीचा चालक चौतीस वर्षं एकही अपघात न करता गाडी चालवतो, त्याला कुणी धागा काढत नाही. नेमून दिलेलं काम केलं म्हणून सत्कार करायची आपल्याला इतकी सवय झालीय की न करणाऱ्याला आपण नॉर्मल समजतो.

माजघर | १३ मे, दुपारी २:३०

आले! दोन दिवस झाले नाहीत अजून.

टपरीवरचा_चहा | १३ मे, दुपारी २:३४

@शंकेखोर, एसटी चालकाचा धागा तुम्ही काढा, मी वर्गणी देतो. खरंच.

गोदाकाठ | १३ मे, रात्री ९:०५

मी याच खात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

शंकेखोरांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. फक्त 'नेमून दिलेलं काम' किती असतं ते सांगतो. माझ्याकडे शेवटची सहा वर्षं दोन जागांचा कार्यभार होता, कारण शेजारच्या तालुक्यांची जागा रिकामी होती. गाडी नाही. प्रवासभत्त्याचं बिल टाकायचं आणि विसरायचं. गृहभेटीला गेलं की बाप म्हणतो, आमच्या घरातली भानगड तुम्हाला काय करायचीय. सरपंच म्हणतो, गावाची बदनामी. शेजारी दार लावून घेतात. पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण असेल तर न्यायालयात साक्ष. तारीख पडते, साक्षीदार म्हणून उभे राहता, आरोपीचा वकील विचारतो, "म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलं नाही ना?" नाही पाहिलं साहेब. पोरीचं तोंड पाहिलं.

आणि बालविवाह. आमच्या मराठवाड्यात ऊसतोडीला जायच्या आधी मुलीचं लग्न उरकून टाकायचं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, जोडीला उचल (आगाऊ पैसे) मिळते, आणि वयात आलेली मुलगी मागे एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची? गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कोण, तर ग्रामसेवक. त्याला त्याच गावात राहायचंय. फोन यायचा निनावी, आम्ही पोलीस घेऊन मांडवात जायचो, आईबापांकडून लिहून घ्यायचो. पेपरात बातमी यायची, 'बालविवाह रोखला'. त्यातली किती लग्नं पंधरवड्याने दुसऱ्या तालुक्यात लागली ते पेपरात येत नाही. मला माहीत आहेत. म्हणून म्हणतो, बातमी देणारा सत्कार नको. ज्या कामात निम्मं अपयश असतं त्याचं मानपत्र लिहिताना खोटं लिहावं लागतं.

काकडीची_कोशिंबीर | १३ मे, रात्री ९:४०

शेवटचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ. धन्यवाद गोदाकाठ.

सिएटलकर | १४ मे, सकाळी ६:१२

इथे माझी दोन आण्यांची भर. मी मूळची नगरची, सध्या सिएटलजवळ. इथे मी एक स्वयंसेवी काम करते, त्याची सुरुवातच या शहरात झाली. १९७७ साली इथले न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना वाटलं की मुलाला आईबापांपासून काढायचं की परत द्यायचं हे ठरवताना सगळ्यांचे वकील समोर असतात, मुलाचं म्हणणं सांगणारं कुणी नसतं. त्यांनी सामान्य नागरिकांना बोलावलं. आता देशभर असे स्वयंसेवक आहेत. तीसेक तासांचं प्रशिक्षण, मग न्यायालय एका मुलाची किंवा एका घरातल्या भावंडांची जबाबदारी देतं. आपण मुलाला भेटायचं, शाळेत जायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं, न्यायाधीशांना लिहून द्यायचं. म्हणजे निशिगंध यांच्या बाई जे करतात तेच. फरक इतकाच की माझ्याकडे एका वेळी एकच घर असतं. बाईंकडे किती असतील?

आमच्यातल्या एक आजी मागच्या वर्षी थांबल्या. छोटा कार्यक्रम झाला. त्यात एकही मूल नव्हतं आणि कुणी त्यांच्या एकाही प्रकरणाचं वर्णन केलं नाही. मला तेव्हा कार्यक्रम कोरडा वाटला होता. आता लक्षात येतंय की तसं ठरवूनच केलं होतं.

जाता जाता एक. न्यूयॉर्कमध्ये १८७४ साली मेरी एलन नावाच्या मुलीला घरात बेदम मारायचे. तिला सोडवायला धावपळ करणाऱ्या बाई सगळीकडे फिरल्या आणि शेवटी गेल्या कुणाकडे, तर प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या संस्थेच्या संस्थापकाकडे. मुलांसाठी तशी संस्थाच नव्हती.

टपरीवरचा_चहा | १४ मे, सकाळी ८:०१

म्हणजे घोड्यांनंतर पोरांचा नंबर.

अर्धा_वकील | १४ मे, सकाळी ११:२०

@टपरीवरचा_चहा, आपल्याकडे वेगळं नव्हतं. प्राण्यांवरच्या क्रूरतेचा कायदा १८९० चा. मुलांसाठीचा पहिला 'चिल्ड्रन ॲक्ट' मद्रासचा, १९२०. मुंबई इलाख्याचा १९२४.

@सिएटलकर, मेरी एलनची गोष्ट बरोबर, पण तिच्यावर प्राण्यांचा कायदा लावून तिला सोडवलं असं जे पसरलंय ते खरं नाही. त्या गृहस्थांनी, हेन्री बर्ग यांनी, व्यक्तिशः पुढाकार घेतला आणि वकिलाने माणसांसाठी असलेल्या कायद्यातूनच तिला न्यायालयापुढे आणवलं.

आता मूळ प्रश्न. निशिगंध, वरिष्ठांना द्यायला कारण हवं होतं ना, घ्या. बाल न्याय कायद्याचं कलम ७४. चौकशीतल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ओळख पटेल असं काहीही छापता, दाखवता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पॉक्सोतही कलम २३ आहे. तुमची मुलं आता सज्ञान आहेत, ती स्वतःहून बोलली तर त्यांना कुणी अडवणार नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. पण ज्या कार्यालयाने आयुष्यभर त्यांची ओळख जपायची त्यानेच त्यांना 'आमचे बालगृहाचे माजी विद्यार्थी' म्हणून पत्रकारांपुढे उभं करायचं? नर्स झालेल्या मुलीच्या सासरी ठाऊक आहे का ती कुठे वाढली? तुम्हाला ठाऊक आहे का, की सासरी ठाऊक आहे?

निशिगंध | १४ मे, दुपारी १२:०३

नाही. हे शब्द मला सापडत नव्हते. छापून वरिष्ठांच्या टेबलावर ठेवते.

जुना_खेळिया | १४ मे, दुपारी ४:५०

१९२४ चा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. त्या कायद्यानंतर १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. तिचं डोंगरीचं निरीक्षणगृह जिथे आहे तो उमरखाडीचा जुना तुरुंग. याच डोंगरीच्या तुरुंगात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते. लहानपणी मी त्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीतून शाळेत जायचो. भिंत इतकी उंच की आत मुलं आहेत हे आवाजावरूनच कळायचं. पावसाळ्यात त्यांचा चेंडू बाहेर यायचा. आम्ही तो परत टाकायचो नाही. आज लाज वाटते.

प्रशासक | १४ मे, सायंकाळी ५:३०

टिळक-आगरकरांवर इथे चर्चा सुरू करू नये, त्यासाठी आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. तसेच वर्गणीसाठी बँक खाते क्रमांक मागणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. हेतू चांगला होता, नियम नियम आहे.

अनामिक_०७ | १५ मे, रात्री १:१६

हे लिहू की नको करत तीन दिवस गेले. हे खातं याच धाग्यासाठी काढलंय.

मी वयाच्या सातव्या वर्षापासून अठरापर्यंत अशाच एका संस्थेत होतो. तुमच्या जिल्ह्यात नाही.

मंचाबद्दल बोलतो. आमच्याकडे 'वाढदिवसवाले' यायचे. बाहेरच्या कुणाचातरी वाढदिवस असायचा, ते केक आणायचे, आम्ही रांगेत बसायचो, स्वागतगीत म्हणायचो. मला ते गीत अजून पाठ आहे, झोपेत उठवून विचारा. त्यातला एक जण केक भरवताना फोटोवाल्याकडे बघायचा, त्यामुळे केक नाकाला लागायचा. आम्ही हसायचो नाही, हसलं की बोलणी बसायची. वर्षाला तीस-चाळीस वेळा आम्ही आभार मानायचो. तेव्हा कृपा करून तुमच्या त्या नर्स मुलीला पुन्हा एकदा माईकवर आभार मानायला लावू नका. तिचा कोटा केव्हाच पूर्ण झालाय.

पण तिला बोलावू नका असंही म्हणत नाही. आमच्याही एक बाई होत्या. त्या निवृत्त झाल्या ते मला चार महिन्यांनी कळलं. कुणी कळवलंच नाही, कारण मी 'बाहेर पडलेला' होतो. मला जायचं होतं. बोलायला नाही. मागे उभं राहायला.

अठराव्या वर्षी बाहेर पडलो तेव्हा अनुरक्षण गृहात थोडा काळ मिळाला, एकविसापर्यंत सोय असते. २०१८ मध्ये सरकारने अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं तेव्हा सगळे मला म्हणाले, तुझं काम झालं. माझं नाही झालं. माझी आई जिवंत आहे. कुठे आहे ते मला सांगता येणार नाही, पण आहे, म्हणून मी अनाथ नाही. सांभाळायला कुणी नसलं तरी कागदावर अनाथ होता येत नाही. हे मला नीट समजावून सांगणाऱ्या त्याच बाई होत्या. बाकीचे म्हणायचे, अर्ज करून बघ.

एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्याकडे गेलो, म्हटलं मला माझी फाईल वाचायचीय. त्यांनी रीतसर परवानगी घेतली आणि एका दुपारी माझ्या शेजारी बसून वाचू दिली. पोलिसांचा कागद, डॉक्टरांचा कागद, बरंच काही. ते सांगत नाही. त्यात एका पानावर बाईंच्या अक्षरात होतं: "मुलगा रात्री जेवताना अर्धी पोळी खिशात ठेवतो. विचारले असता सकाळसाठी म्हणाला. स्वयंपाकघरास सूचना दिली की त्यास अडवू नये." खाली तारीख. पाच महिन्यांनंतरची दुसरी नोंद: "पोळी ठेवणे बंद."

मला ते आठवत नव्हतं. कुणीतरी पाच महिने माझ्या खिशाकडे लक्ष ठेवून होतं.

काकडीची_कोशिंबीर | १५ मे, सकाळी ७:२०

...

कोल्हापुरी_ठसका | १५ मे, सकाळी ८:४४

दादा, दंडवत. रिमांड होमची धमकी आमच्या घरातून आजपासून बंद.

शंकेखोर | १५ मे, रात्री १०:१०

@अनामिक_०७, वाचलं. तुमच्याशी वाद नाही.

पण माझा सूर तसा का लागतो ते सांगतो. आमच्या बहिणीच्या मुलांच्या वेळी असाच एक अहवाल लिहिला गेला. आलेल्या माणसाने चहा घेतला, दहा मिनिटं बसला, बापाच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवून गेला. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही. धाग्यात सगळ्यांना चांगल्याच बाई भेटलेल्या दिसतात. वाईट अहवाल लिहिणारेही निवृत्त होतात, त्यांनाही शाल मिळते.

निशिगंध | १६ मे, दुपारी १:१५

@शंकेखोर, आमच्या बाईंच्याही हातून एक गेलं. त्या स्वतः प्रत्येक नव्या माणसाला ते सांगतात, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. खूप वर्षांपूर्वी त्यांनी एका मुलीला घरी पाठवण्याची शिफारस केली. घर नीटनेटकं होतं, बाप शुद्धीत होता. चार महिन्यांत ती मुलगी रुग्णालयात. जगली, पण बाई म्हणतात, माझ्या सहीने गेली होती. त्यांना नंतर कळलं की त्या भेट देऊन आल्या तो बाजाराच्या आदला दिवस होता. पैसे संपलेले, म्हणून बाप शुद्धीत.

तेव्हापासून त्या दोनदा जातात. एकदा कळवून आणि एकदा न कळवता, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. नमुन्यात दुसऱ्या भेटीला रकाना नाही. त्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितात.

शंकेखोर | १६ मे, दुपारी १:४८

आमच्याकडे कुणी दुसऱ्यांदा आलं नाही.

गोदाकाठ | १६ मे, रात्री ८:३०

निशिगंध, माझी सूचना. सत्कार राहू द्या, कार्यभार नीट घ्या. माझा कार्यभार दीड तासात घेतला गेला. कपाटं मोजली, खुर्च्या मोजल्या, फायलींच्या यादीवर सह्या. कुठल्या घरी कुत्रा आहे, कुठल्या गावात अंगणवाडी सेविका खरं सांगते, कुठल्या पोलीस ठाण्यात रात्री कुणाला फोन करायचा, हे कुणी विचारलं नाही. बाईंची जागा भरलीय का? नसेल तर तुम्हीच वही घेऊन बसा.

आणि त्यांचा फोन. माझ्या अंदाजाने निम्म्या मुलांकडे त्यांचा खाजगी नंबर असणार. ३१ मेनंतर रात्री बारा वाजता तो वाजला तर?

सिएटलकर | १७ मे, पहाटे ५:४०

मुलांची हेल्पलाइन १०९८ नाही का? आम्ही नगरला असताना भिंतींवर वाचायचो, दहा नऊ आठ.

गोदाकाठ | १७ मे, सकाळी ९:१५

आहे की. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली ती, पुढे देशभर पसरली. २०२३ पासून सरकारच्या यंत्रणेतून चालते, ११२ या आपत्कालीन नंबरला जोडून. नवीन प्रसंगासाठी तोच नंबर द्यायचा, अगदी तुम्हालाही शेजारच्या घरात काही दिसलं तर. पण बालगृहातून बाहेर पडलेल्या पोराला रात्री बारा वाजता भाड्याची खोली सोडायला सांगितली तर तो १०९८ लावत नाही. त्याला ओळखीचा आवाज हवा असतो.

माजघर | १७ मे, सकाळी १०:३०

बाईंना खायला काय आवडतं? एवढं सगळं झालं, हे कुणी विचारलंच नाही.

निशिगंध | १७ मे, सकाळी १०:५२

शेंगोळे. हुलग्याचे. लसूण भरपूर.

माजघर | १७ मे, सकाळी १०:५५

मग झालं तर. सामोसा रद्द. चौदा हजारांत अख्ख्या गावाला शेंगोळे होतात. हात दुखतील पण.

(यानंतर शेंगोळ्यात बेसन घालावं की नाही यावर अठरा प्रतिसाद पडले, ते प्रशासकांनी पाककृती विभागात हलवले.)

अर्धा_वकील | १९ मे, रात्री ९:२५

एक कल्पना. अनामिक_०७ म्हणाले, मागे उभं राहायचं होतं. मग सगळ्यांनाच मागे उभं करा. जुन्या मुलांना तोंडी निरोप द्या, पण फक्त त्यांना नको. झेरॉक्सवाल्याला बोलवा, एसटीच्या वाहकाला, दवाखान्यातल्या परिचारिकांना, शिपायांना, गल्लीतल्या लोकांना. कुणाचीही ओळख करून द्यायची नाही. कोण कोण आहे ते फक्त बाईंना कळेल.

अनामिक_०७ | १९ मे, रात्री ११:५८

हो. असं चालेल.

निशिगंध | १ जून, रात्री ९:३०

उशिरा लिहितेय, दमलेय. ३१ ला शनिवार होता म्हणून शुक्रवारीच केलं.

मंच नाही, बॅनर नाही. शिवणवर्गाच्या खोलीत गोल खुर्च्या टाकल्या आणि बाईंना सांगितलं की ही आढावा बैठक आहे. त्या फायली घेऊन आल्या. दुपारी तीनपासून माणसं यायला लागली, दोघं-तिघं करत. साठ-सत्तर तरी आली असतील. झेरॉक्सवाला दुकान बंद करून आला, हे मी अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. शेंगोळे दोन पातेली, बेसन न घालता. कुणी भाषण केलं नाही. लोक बाईंजवळ जायचे, काहीतरी बोलायचे, ताटली घेऊन कोपऱ्यात बसायचे. एका तरुणाने बाईंना काही न बोलता खिशातून अर्धी पोळी काढून दाखवली. बाईंना काही कळेना, त्या म्हणाल्या, "अरे, शेंगोळ्यांबरोबर पोळी कशाला?" तो हसायला लागला. (तुमची ओळख जपतेय, पण इतक्या लांबून आलात, आभार. शेंगोळे डब्यात द्यायला हवे होते.)

वरिष्ठ आले होते. इकडेतिकडे बघून मला हळूच विचारलं, "यातली आपली मुलं कोणती?" मी म्हटलं, सर, मलाही सगळी माहीत नाहीत. खरंच नाहीत.

बाई रडल्या वगैरे नाहीत. साडेपाचला म्हणाल्या, आढावा कधी सुरू करायचा?

शनिवारी सुट्टी असून त्या आल्या होत्या. दोन अहवाल राहिले होते. त्यातल्या एकाच्या मागच्या बाजूवर लिहिलंय: "दुसरी भेट बाकी. बाजार मंगळवारी. बुधवारी जावे." कोणी जावे ते लिहिलेलं नाही, पण कागद माझ्या टेबलावर होता. जागा अजून भरलेली नाही. गोदाकाठ, तुम्ही म्हणालात ती वही केली, दोन झाल्या. कुत्रा असलेली घरं एकोणीस.

टपरीवरचा_चहा | १ जून, रात्री ९:४१

शाल दिली का नाही ते सांगा.

निशिगंध | १ जून, रात्री ९:५०

दिली, वरिष्ठांनी घरून आणली होती. रात्रपाळीच्या काळजीवाहक मावशींनी ती तिथल्या तिथे मागून घेतली. या वर्षी मेमध्येच पाऊस लागला, त्यांना थंडी वाजते.

गोदाकाठ | २ जून, सकाळी ८:२०

आणि फोनचं काय केलंत?

निशिगंध | ९ जून, दुपारी १:३०

उरलेल्या वर्गणीतून एक साधा फोन आणि नवीन सिम घेतलं. तो आळीपाळीने मी आणि अधीक्षिका घरी नेतो. नंबरच्या चिठ्ठ्या झेरॉक्सवाल्याने फुकट काढून दिल्या, बाईंनी जुन्या मुलांना वाटल्या.

आतापर्यंत रात्री तीन फोन आले. तिन्ही बाईंचेच, उचलतो की नाही बघायला. परवा मी सहाव्या रिंगला उचलला तर म्हणाल्या, "उशीर."